एका घरामागे एक चिठ्ठी

टेंबिसा, जोहान्सबर्ग
१४ जानेवारी २०२५

वुयिसा,

पत्र बघून दचकू नकोस, कोणी मेलेलं नाही. फोन करत नाही, कारण फोन आला की तुझी आई स्पीकर लावते आणि मग मामा-भाच्याचं बोलणं शेजारच्या कोंबड्याही ऐकतात. मला जे बोलायचंय ते तुझ्या एकट्यासाठी आहे. आपल्या गावच्या बसवाल्याला बजावलंय, पत्र तुझ्याच हातात द्यायचं म्हणून.

त्याच बसवाल्यानं मला सांगितलं, तुझा भाचा एन्गकोबोच्या बाजारात दुकानासमोर रांगेत उभा होता. मी म्हटलं, काम शोधायला गेला असेल. तो हसला. म्हणाला, म्पिंगा, तिथं सगळी तरणी पोरं सरकारच्या बेकारी-मदतीच्या तीनशे सत्तर रँडसाठी उभी असतात. माझी मान खाली गेली. म्पिंगांच्या कुळातला सव्वीस वर्षांचा बाप्या, बारावी पास, डोंगरावर दीक्षेला राहून रीतसर पुरुष होऊन परत आलेला, आणि महिन्याच्या महिन्याला सरकारपुढे हात पसरतो?

तुझ्या वयात मी खाणीत जमिनीच्या पोटात होतो. आज गोदामाच्या फाटकावर मी हात वर केला की ट्रक थांबतात. साहेब किल्ल्या दुसऱ्या कोणाच्या हातात देत नाही. हे रांगेत उभं राहून मिळालेलं नाही. तू मात्र सरकारचा जावई होऊन बसलायस.

तुझ्या खात्यात पैसे टाकलेत. बूट घे, कागदांच्या नकला काढ आणि घराबाहेर पड. आता सबब सांगू नकोस.

मामा मंगालिसो


मान्झाना
२ फेब्रुवारी

मामा,

तुमचे पैसे पोचले. बूट घेतले, छान आहेत. आता पुढचं ऐका.

सरकारचा कॉम्प्युटर दर महिन्याला आमच्या खात्यात डोकावतो. त्याला तुमचे पैसे दिसले. लगेच उत्तर आलं, तुम्हाला उत्पन्न आहे, या महिन्याचे तीनशे सत्तर मिळणार नाहीत. म्हणजे तुम्ही एका हातानं दिलं आणि त्यांनी दुसऱ्या हातानं काढून घेतलं. रागावू नका, पण भीक नको पण कुत्रं आवर अशी माझी गत झाली. पुन्हा मदत करावीशी वाटली तर बसवाल्याच्या हाती रोख द्या.

आणि जावई म्हणालात ना? जावयाला सासरी खुर्ची देतात, त्याच्यासाठी बोकड कापतात. आम्हाला उन्हात उभं करतात आणि दर महिन्याला विचारतात, अजून गरीबच आहेस ना? हो म्हणायचं. मग पुढच्या महिन्यात पुन्हा विचारतात.

घराबाहेर पड, म्हणता. पडतो की. एन्गकोबोला जायला-यायला भाडं लागतं. नकलांवर पोलीस ठाण्याचा शिक्का लागतो आणि तो शिक्का तीन महिन्यांत शिळा होतो. एवढं करून टेबलापलीकडची बाई विचारते, अनुभव किती? अनुभव द्या म्हणून तर आलोय, असं मी एकदा म्हणालो. तिनं माझा कागद इतरांच्या कागदांखाली सरकवला. तीनशे सत्तरातले निम्मे असे काम शोधण्यातच जातात, उरलेल्याचं आई पीठ आणते. मी झोपून खातो असं बसवाल्याला वाटत असेल तर त्यानं एक महिना माझ्या बुटांत काढावा. नव्या नाही, जुन्या.

आता एक बरी बातमी, आणि तिच्याबरोबर एक वाईट. गावापासून पुलापर्यंत रस्ता होणार आहे. वर्षभराचं काम, फावडं-घमेल्याचं, पण रोजचं. सभेत ठरलं की माणसं चिठ्ठ्या टाकून निवडायची. एका घरामागे एक चिठ्ठी. आईच्या घराची एक आहे. गावकारभारी म्हणाला, मंगालिसोच्या घराला चिठ्ठी नाही, तिथं कोणी झोपत नाही, चूल पेटत नाही, ते ओसाड धरायचं. तुमचं घर ओसाड! मला ते ऐकवलं नाही.

म्हणून मी तिथं राहायला गेलोय. रोज सकाळी चूल पेटवतो. धूर गावकारभाऱ्याच्या अंगणातून नीट दिसतो.

वाईट बातमी अशी की कुलूप उघडत नव्हतं. कडीसकट काढावं लागलं.

वुयिसा


टेंबिसा
२० फेब्रुवारी

वुयिसा,

कडी काढलीस? माझ्या घराची? कोणाला विचारून? त्या गोल घराच्या भिंतीची एकेक वीट मी खाणीच्या घामाची लावलीय, म्हातारपणी पाठ टेकायला. आणि तू आयत्या बिळावर नागोबा होऊन बसलास. वर मलाच सांगतोस, धूर छान दिसतो!

माझ्या पलंगावर झोपत असशील तर आजपासून खाली चटई टाक. भिंतीला लागून ठेवलेली घोंगडी माझ्या बापाची आहे, तिला हात लावायचा नाही. शेळ्या आत येऊ द्यायच्या नाहीत. आणि राहतोच आहेस तर छपराची पन्हळ साफ कर, टाकीत पानं कुजली असतील.

त्या चिठ्ठीचं म्हणशील तर स्वप्नं बघू नकोस. असल्या कामांत नावं आधीच ठरलेली असतात, चिठ्ठ्या नुसत्या दाखवायला. मी जग बघितलंय. आणि फावड्याचं कामच करायचं होतं तर बारावी कशाला केलीस? इथं ये म्हणालो असतो, पण माझी खोली लहान आहे आणि मला पाळ्या असतात, वेळ नसतो.

कडी नवी बसव. चांगली जाड.

मामा


मान्झाना
९ मार्च

मामा,

तुमचं घर निघालं.

सांगतो नीट. सभागृहात सगळं गाव. मधोमध कपडे धुवायचं मोठं घमेलं, त्यात चिठ्ठ्या. गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आजीच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला आणि तिला चिठ्ठ्या काढायला लावल्या. ती प्रत्येक चिठ्ठी हातात घेऊन आधी एक लांब श्वास घेत होती, आम्ही इकडे मरत होतो. नावं निघत गेली. आईचं नाही निघालं. शेवटून तिसरी चिठ्ठी निघाली आणि गावकारभाऱ्यानं वाचलं, मंगालिसो, म्पिंगांचं घर. आई उठून नाचायलाच लागली. मी रडलो, आणि ते सगळ्यांनी बघितलं. बघू देत.

नावं आधी ठरलेली नव्हती, मामा. एवढं एक तुम्ही चुकलात.

आता तुमच्याकडून फक्त एक ओळ हवी. चिठ्ठी घराची आहे आणि घर तुमच्या नावावर, म्हणून त्या घरातून कामावर कोण जाणार हे घराच्या थोरल्यानं सांगायचं. गावकारभारी मला म्हणाला, बाळ, धूर तुझा असेल, पण घर म्पिंगाचं आहे, त्याची सही आण. या महिन्याच्या अखेरीपर्यंत आली नाही तर चिठ्ठी पुढच्या घराला जाईल.

मी त्या घरातला आहे हे सिद्ध करायलाच नको. माझ्या बापानं आईसाठी देज म्हणून लोबोलाच्या गाई दिल्या नाहीत, म्हणून मी आईच्या कुळात, म्हणजे तुमच्या घरात मोजला जातो. लहानपणी पोरं यावरून मला चिडवायची. आज पहिल्यांदा त्याचा उपयोग झाला.

एक ओळ, मामा. ‘वुयिसा जाईल.’ खाली सही. बस.

आणि कडी बसवली. जाड.

वुयिसा


मान्झाना
२४ मार्च

मामा,

बसवाला दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा हात हलवत. मी विचारलं, पत्र पोचवलंस ना? म्हणाला, माझ्यासमोर वाचलं त्यांनी, मग घडी करून खिशात ठेवलं.

दोन शब्द लिहायला किती वेळ लागतो? तुम्हीच ना मला घराबाहेर काढत होतात? आता बाहेर पडायला निघालोय तर दारात आडवे का पडलात? गावकारभारी रोज विचारतो. मी म्हणतो, मामा कामात असतील. तो मान हलवतो.

उत्तर द्या.

वुयिसा


टेंबिसा
२६ मार्च

वुयिसा,

तुझं नाव देऊ नकोस. मी येतोय.

हे लिहायला मला दोन आठवडे लागले, तेव्हा मध्ये तोंड घालू नकोस, शेवटपर्यंत वाच. मला गोदामातून काढलं. आत्ता नाही, त्याला वर्ष उलटून गेलं. फाटकावर तरणी पोरं घेतली, माझ्या गुडघ्यांपेक्षा त्यांचे गुडघे बरे. मी सत्तावन्नचा. म्हातारपणाचं पेन्शन साठाव्या वर्षी लागतं. मधली तीन वर्षं माणसानं काय खायचं याचं उत्तर कोणाकडे नाही. कामासाठी म्हातारा, पेन्शनसाठी पोर.

मीही रांगेत उभा राहतो. तीच रांग, तेच तीनशे सत्तर. पुढे-मागे सगळी तुझ्या वयाची पोरं. मला ‘बाबा, तुम्ही आधी जा’ म्हणतात, तेव्हा जमीन दुभंगावी असं वाटतं. तुझ्या बुटांसाठी मी टीव्ही विकला होता.

तुला लागेल ते बोलून घे. पण घर माझं आहे, चिठ्ठी माझ्या नावाची आहे आणि मला तिची गरज आहे. तू सव्वीसचा आहेस, तुला दुसरं काही सापडेल. मला सापडणार नाही. गावकारभाऱ्याला तेवढं सांग की मंगालिसो पुढच्या फेरीच्या बसनं निघतोय.

मामा


मान्झाना
२९ मार्च

मामा,

वाचलं. शेवटपर्यंत.

म्हणजे तुम्हीही जावईच. आणि जानेवारीत माझी मान खाली घातलीत! ट्रक थांबतात काय, किल्ल्या काय. तुमचं ते पत्र मी रात्री उशाला घेऊन झोपायचो, माहीत आहे? आपण असे का नाही, म्हणून स्वतःवरच थुंकायचो.

चूल मी पेटवली. पन्हळ मी साफ केली. तुमचं घर गावानं मेलेलं धरलं होतं, त्यात मी श्वास घातला, आणि आता तुम्ही येऊन म्हणणार, सरक. आयत्या बिळावर नागोबा कोण ते तुम्हीच सांगा. तुला दुसरं काही सापडेल, म्हणता. कुठं? मला जागा दाखवा, मी आत्ता चालत जातो.

आईला सांगितलं. मला वाटलं ती माझ्या बाजूनं बोलेल. तिनं घासत असलेलं भांडं पालथं घातलं. मग म्हणाली, “माझ्या भावानं गोळा केलेल्या पैशांवर तू शाळा शिकलास. घर त्याचं, नाव त्याचं. येऊ दे त्याला.” तिचं खरं आहे, आणि त्याचाच मला सगळ्यांत जास्त राग येतो. तुम्ही घराचे थोरले, मी धाकटा. थोरला बोलला की धाकट्यानं टोपी काढायची. काढली.

गावकारभाऱ्याला निरोप दिलाय. पण तुम्ही फावडं घेऊन निघालेले मला बघवणार नाहीत. तुमच्या खोलीचं भाडं भरलेलं असेल तेवढे दिवस मी तिथं राहतो. किल्ली बसवाल्याकडे द्या. मी परतीच्या बसनं येतो.

वुयिसा


मान्झाना
१८ मे

वुयिसा,

तुझ्या आईनं सांगितलं म्हणून लिहितोय. तिला वाटतं तू माझ्यावर रागावलायस. मी म्हटलं, रागावलेला असेल तर बरंच आहे, रागावलेला माणूस काम शोधतो.

रस्ता सरकतोय मुंगीच्या पावलानं. आमचा मुकादम म्हणजे मिसरूड न फुटलेलं पोरगं, मला ‘बाबा, सावकाश’ म्हणतं आणि मग वहीत माझ्या नावापुढे काहीतरी लिहितं. पाठीतून कळ निघते ती थेट टाचेत जाते. संध्याकाळी तुझी आई गरम पाण्याचा शेक देते आणि शेकता शेकता बोलणी ऐकवते, तीही गरमच.

लोक विचारतात, म्पिंगा, एवढी मोठी नोकरी सोडून फावड्यावर कसे? मी सांगतो, गावाची ओढ. ते हो म्हणतात. कोणाला पटलेलं नाही, पण तोंडावर कोणी बोलत नाही.

तिकडे काय चाललंय? खोलीचं भाडं कसं भरतोस? घरमालकीण तोंडाळ आहे, तिला उलट बोलू नकोस. चार ओळी लिही. तुझी आई रोज बसच्या आवाजानं बाहेर येते.

मामा


टेंबिसा
१० जून

मामा,

रागावलेलो नाही. वेळ नव्हता, कारण मला काम लागलंय.

तुम्हीच म्हणाला होतात ना, गोदामात आता तरणी पोरं घेतात? मी सरळ तिथंच गेलो. तुमचं नाव सांगितलं. साहेबानं लगेच ओळखलं. म्हणाला, मंगालिसोचा भाचा ना, मग विचारायचं काय. फाटकावरच ठेवलंय मला. ट्रक येतात, मी हात वर करतो, ते थांबतात. साहेब तुमची आठवण काढतो, तुमच्यासारखा माणूस पुन्हा मिळाला नाही म्हणतो.

दुपारचं जेवण तिथंच. मक्याचा घट्ट घाटा, त्यावर मटणाचा रस्सा, जेवढा हवा तेवढा. शुक्रवारी कोंबडी. काल तर वाढणाऱ्या बाईनं दोनदा वाढलं आणि उरलेले तळलेले पिठाचे गोळे कागदात बांधून दिले. आईला सांगा मी जाडा झालोय.

पैसे या महिन्यात पाठवता येणार नाहीत, पहिला पगार भाड्यात गेला. पुढच्या महिन्यात बघतो. तुम्ही पाठीला जपा. माझी काळजी कोणी करू नये.

वुयिसा


मान्झाना
२९ जून

वुयिसा,

तुझं पत्र तुझ्या आईनं आख्ख्या गावाला वाचून दाखवलं. मक्याची दारू केली, शेजारणींना बोलावलं, माझ्या हातात भांडं दिलं. मी प्यालो. दुसरं काय करणार होतो? ती नाचत होती.

आता ऐक. ते गोदामच नाही. मागच्या वर्षी जानेवारीत बंद झालं. आतला माल नेला, रॅका नेल्या, दिवेसुद्धा काढून नेले. शेवटच्या दिवशी फाटकाला कुलूप मीच घातलं आणि किल्ल्या साहेबाच्या मुलाच्या हातात दिल्या. तो गाडीत बसून गेला, मी फाटकाबाहेर उभा राहिलो. तरणी पोरं घेतली म्हणून तुला सांगितलं, कारण आपली जागा कोणीतरी घेतली असं म्हटलं की निदान जागा होती असं तरी वाटतं. तुझ्या साहेबानं माझी आठवण काढली म्हणतोस. साहेब त्याच्या आधीच वारला होता, गाढवा.

तू तिकडे फिरकलाच नाहीस. फिरकला असतास तर गंजलेलं कुलूप बघून दुसऱ्या गोदामाचं नाव घेतलं असतंस. आणि जेवणाचं फार लिहिलंस. भुकेला माणूसच पत्रात एवढं जेवतो.

मी इतका चिडलो की दोन दिवस फावडं दगडांवर आपटत राहिलो. तुझ्यावर चिडलो, खोटं बोललास म्हणून. मग स्वतःवर, की हे पोरगं शिकलं कोणाकडून. मग त्या तोंडाळ घरमालकिणीवर, कारण भाडं थकलं की ती काय करते ते मला माहीत आहे. तू कुठं झोपतोस ते विचारत नाही.

गुरुवारी गोठ्यापाशी पुरुषांची सभा होती. घराचं नाव तेच ठेवून कामावरचा माणूस बदलायचा असेल तर थोरल्यानं सगळ्यांसमोर उभं राहून कारण सांगायचं, हे तुला ठाऊक आहे. पाठ दुखते म्हटलं असतं तरी चाललं असतं. पाठ दुखतेच. पण मी टोपी काढली आणि म्हणालो, जोहान्सबर्गात मला वर्षभर काम नव्हतं. गावाची ओढ वगैरे सगळं खोटं. सरकारचे जे पैसे घेतो म्हणून मी भाच्याला घालूनपाडून बोललो, तेच पैसे मीही घेत होतो. माझं घर तुम्ही ओसाड धरलंत ते बरोबर होतं. चूल त्यानं पेटवली, मी येऊन शेकत बसलो. त्याचं नाव लिहा.

मग गावकारभाऱ्यानं विचारलं, “म्पिंगा, मग तुमचं काय?”

मी म्हणालो, “पेन्शन लागेपर्यंत रांगेत उभा राहीन. सवय आहे.”

ते हसले. मीही हसलो, कारण रडण्यापेक्षा ते सोपं होतं. सभा संपल्यावर तिघं-चौघं एकेक करून माझ्याजवळ आले. त्यांची मुलंही केप टाउनला, जोहान्सबर्गला मोठ्या नोकरीवर आहेत, असं आजवर सांगत होते. नुसता खांद्यावर हात ठेवून गेले.

तर नाव लिहिलंय. ७ जुलैच्या सोमवारी तू फावडं घेऊन पुलापाशी हजर नसलास तर चिठ्ठी पुढच्या घराला जाईल, आणि मग मी तुझं तोंड बघणार नाही. बसवाल्याशी बोललोय, भाड्यापोटी त्याला दोन कोंबड्या दिल्यात, तो हे पत्र देईल आणि तुलाही घेऊन येईल. मान वर करून चढ बसमध्ये. पलंगावर तू झोप, मी चटईवर. वाद घालायचा नाही.

तुझ्या आईला गोदामाचं अजून माहीत नाही. सभेतलं बोलणं तिच्यापर्यंत आलंय, पण तिला वाटतं भाऊ काहीतरी बरळला, पोरगं तर फाटकावर उभं आहे, जाडं झालंय. तू उतरशील तेव्हा ती तुला बघेलच. तिला जे सांगायचं ते तू तिच्यासमोर बसून तोंडानं सांग. या घरातून खोटी पत्रं आता पुरे झाली.

मामा